गाण्याचा सातबारा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात तुम्ही अर्धा तास काहीतरी बोला, असं कमिटीने मला सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असणार की हे आजोबा आता मुदत ठेवी, नॉमिनेशन आणि पंधरा-जी फॉर्म यांवर बोलणार. घाबरू नका. आज मी गाण्यांवर बोलणार आहे. पण पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस गाण्यावर बोलला तरी शेवटी हिशेबावरच येतो, तेव्हा तेवढी सवलत मला द्या.

आपल्या आवारात दिवसभरात किती गाणी कानावर पडतात ते बघा. सकाळी तळमजल्यावरून अभंग, दुपारी कुठल्यातरी स्वयंपाकघरातला रेडिओ, मे महिन्यात शेजारच्या गावातली हळद आणि तिचा रात्री उशिरापर्यंत चालणारा बँजो. गेल्या कोजागिरीला गच्चीवर आपण गाणी लावली होती. मी सहज विचारलं, हे कोणी गायलंय? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. चाल कोणाची? चार-पाच हात वर झाले. लिहिलंय कोणी? मसाला दूध पिण्याचा आवाज तेवढा आला. त्या दिवशीच ठरवलं होतं की कधी संधी मिळाली तर गाणं लिहिणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं. त्याला मिळतं काय आणि गाणं राहतं कोणाच्या नावावर, हे सांगायचं.

सुरुवात अशा माणसापासून करतो ज्याचं नाव तुम्हाला सांगावं लागणार नाही. गजानन दिगंबर माडगूळकर, आपले गदिमा. जन्म १ ऑक्टोबर १९१९, सांगली जिल्ह्यातलं शेटफळे, हे त्यांचं आजोळ. गाव माडगूळ. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख, आणि वडील औंध संस्थानात कारकून. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, मिळकत बेताची. मॅट्रिकला गणिताने दगा दिला आणि शिक्षण तिथेच थांबलं. बँकेच्या परीक्षेला हा उमेदवार बसला असता तर आम्ही त्याला नापास केलं असतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो! मराठीचं केवढं नुकसान झालं असतं.

पोटासाठी ते कोल्हापूरला चित्रपटाच्या धंद्यात गेले. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त लहानसं काम केलं. वि. स. खांडेकरांकडे लेखनिक म्हणून बसले. मोठ्या लेखकाच्या तोंडून आलेलं वाक्य कागदावर उतरवायचं, ही त्यांची खरी शाळा. १९४२ च्या 'पहिला पाळणा'साठी गीतं लिहायला मिळाली आणि १९४७ च्या 'रामजोशी'ने नाव घराघरांत गेलं. पुढची तीस वर्षं मराठी चित्रपट आणि माडगूळकर हे वेगळे काढता येत नाहीत. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'जगाच्या पाठीवर', किती सांगू? कथा, पटकथा, संवाद, गीतं, यांतलं काही ना काही त्यांनी दीडशेच्या वर मराठी चित्रपटांना दिलं. शांतारामबापूंचा हिंदी 'दो आँखें बारह हाथ' तुम्ही पाहिला असेल. त्याचं लेखन याच मॅट्रिक नापास माणसाचं. १९६९ साली पद्मश्री मिळाली, १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, विधान परिषदेचं सदस्यत्वही मिळालं. १४ डिसेंबर १९७७ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले.

आता 'गीतरामायण'. आपल्यातल्या सत्तरीच्या मंडळींच्या आयांनी ते रेडिओवर ऐकलेलं आहे. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड होते, कल्पना त्यांची. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पहिलं गीत लागलं. पुढे दर आठवड्याला एक नवीन गीत. त्या वर्षी अधिक महिना आला, तेव्हा बावन्न आठवड्यांचं काम वाढलं आणि एकूण छप्पन्न गीतं झाली. शेवटचं लागलं १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीला. चाली सुधीर फडक्यांच्या. गाणारे माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे एकाहून एक.

हे काम किती कठीण असेल याचा अंदाज ज्याने दर महिन्याचं क्लोजिंग केलंय त्याला येईल. इथे तर दर आठवड्याला क्लोजिंग! आज शब्द, उद्या चाल, परवा तालीम आणि ठरलेल्या सकाळी प्रसारण. उशीर झाला म्हणून राम काही थांबणार नाही. वर्षभर एकही हप्ता थकला नाही. १९५७ साली या गीतांचं पुस्तक निघालं ते दिल्लीच्या सरकारी प्रकाशन विभागाकडून. पुढे अनेक भारतीय भाषांत भाषांतरं झाली आणि मूळ चालींवरच म्हटली गेली. बाबूजींनी तर जन्मभर त्याचे कार्यक्रम केले.

आता माझ्यातला बँकवाला जागा होतो. एक गीत घ्या. ते रेडिओवर वाजतं, पुस्तकात छापलं जातं, तबकडीवर येतं, मंचावर गायलं जातं, कॅसेट होते, सीडी होते, मोबाईलवर येतं. म्हणजे ही एक ठेव आहे, आणि तिच्यावर सात ठिकाणी व्याज चालू आहे. प्रश्न एवढाच, की पासबुक कोणाच्या नावाचं?

इथे एक शब्द समजून घेऊ. पुस्तकाचा प्रकाशक आपल्याला माहीत आहे. गाण्यालाही प्रकाशक असतो. तो गाण्याचे हक्क सांभाळतो, कोणाला वापरायला द्यायचं ते ठरवतो, त्याचे पैसे गोळा करतो आणि ठरल्याप्रमाणे वाटतो. परदेशात हा धंदा छापील स्वरलिपी विकण्यातून वाढला. आपल्याकडे लोक स्वरलिपी विकत घेत नव्हते, लोक थेट तबकडी घेत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हापासून आपल्याकडे तबकडी काढणारी कंपनी हीच गाण्याची दुकानदार, वितरक आणि बहुतेक वेळा मालकही होऊन बसली. कुत्र्याच्या चित्राची ती एचएमव्ही तुम्हाला आठवत असेल, आज तिला सारेगामा म्हणतात.

आणि चित्रपटाचं गाणं? तिथली रीत ठोक रकमेची. गीतकाराने गाणं द्यायचं, निर्मात्याने रक्कम द्यायची, पावतीवर सही, विषय संपला. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी गीतकाराच्या खात्यात त्या दिवशी पडले तेवढेच. आपल्या भाषेत सांगायचं तर मुद्दल देऊन टाकलं आणि व्याजावरचा हक्कही त्याच सहीने गेला.

याला कायदा नव्हता का? होता. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. म्हणजे 'गीतरामायणा'चं पुस्तक आलं त्याच वर्षीचा. त्याचं मूळ तत्त्व सरळ आहे, लिहील तो पहिला मालक. पण त्यात अपवाद होते. गीतकार-संगीतकारांनी १९६९ साली आपली एक संस्था काढली, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. गाणं जिथे जिथे सार्वजनिकपणे वाजेल तिथे तिथे लिहिणाऱ्याला आणि चाल देणाऱ्याला काहीतरी मिळावं, अशी तिची मागणी. चित्रपट निर्माते विरोधात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९७७ साली निकाल लागला तो निर्मात्यांच्या बाजूने. निर्मात्याने पैसे मोजून चित्रपटासाठी गाणं करून घेतलं, तर उलट करार नसेल तेव्हा पहिला मालक निर्माताच. गदिमा गेले ते याच वर्षी. मराठी माणसाला शब्द पुरवणाऱ्या एवढ्या मोठ्या गीतकाराने डोळे मिटले, तेव्हा चित्रपटगीतापुरता कायदा असं सांगत होता की शब्द तुझे, मालकी दुसऱ्याची.

मंडळी, आपण उरणमध्ये राहतो, म्हणून हे दुसऱ्या भाषेत सांगतो. आपल्यातले अर्धे लोक नोकरीनिमित्त बाहेरून आलेले आहेत, पण अर्धे इथल्या मातीतले आहेत. त्यांना विचारा, जमीन एकदाच ठोक रकमेत जाते तेव्हा काय होतं. भात पिकवणारी शेतं आणि मिठागरं गेली, त्यांवर बंदर झालं, रस्ते झाले, शहर झालं. जमिनीची किंमत कुठच्या कुठे गेली, आणि मूळ मालकाच्या हातात जुनी पावती. म्हणून तर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई-न्हावाशेव्याला शेतकरी उठला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. जमीन घेतलीत, विकास केलात, ठीक आहे. पण विकसित झालेल्यातला एक वाटा मूळ मालकाचा.

जमिनीसाठी रक्त सांडलं, गाण्यासाठी कोणी गोळी खाल्लेली नाही. तेव्हा ही तुलना मी हात जोडूनच करतो. पण न्यायाचं सूत्र एकच आहे. वस्तूची किंमत पुढे वाढली तर त्या वाढीत मूळ धन्याचा वाटा हवा.

गीतकारांचे साडेबारा टक्के यायला २०१२ साल उजाडलं. राज्यसभेत जावेद अख्तर सदस्य होते. त्यांनी हा विषय लावून धरला, आणि संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. आता चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजलं तर ते सोडून, बाकी कुठेही वाजलं, रेडिओ, टीव्ही, मोबाईल, हॉटेल, तर रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क मालकाच्या बरोबरीचा. आणि यातली खरी मेख अशी, की हा वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, कंपनीला नाही. 'मला रॉयल्टी नको' असं कंपनीने लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. गरजू माणसाकडून काय काय लिहून घेतलं जातं ते आम्ही बँकेच्या काउंटरवर पाहिलेलं आहे, म्हणून या कलमाचं मोल मला विशेष वाटतं.

वाटा वेगळा आणि मालकी वेगळी, हेही लक्षात ठेवा. मालकी स्वतःकडे ठेवली तर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आयर्विंग बर्लिन नावाचा माणूस. जन्म १८८८. रशियातून लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आलेलं गरीब निर्वासित कुटुंब. हा पोरगा खानावळीत वेटरचं काम करता करता गायचा. स्वरलिपी वाचता येत नव्हती. पण अमेरिका ज्या गाण्यांवर वाढली त्यांतली कितीतरी याची, शब्दही त्याचे आणि चालही त्याची. त्याने १९१९ साली स्वतःची संगीत प्रकाशन कंपनी काढली. आपल्या गाण्यांचा दुकानदार आपणच झाला. जगलाही शंभरी ओलांडून, १९८९ पर्यंत. पुढे त्याचं एक देशभक्तीचं गीत इतकं गाजलं की तिथे ते जवळजवळ राष्ट्रगीतासारखं म्हणतात. त्याची सगळी रॉयल्टी त्याने स्काउट आणि गर्ल स्काउटच्या मुलांना देऊन टाकली. मला यातलं एवढंच घ्यायचं आहे, की सातबारा ज्याच्या नावावर असतो, दान करण्याचा मानही त्यालाच मिळतो.

आता परत आपल्या खाडीपलीकडे नको, अलीकडेच येऊ. कोळीगीत म्हटलं की आपण कॉलर ताठ करतो. पण आपल्या लग्नात हमखास वाजणारी कितीतरी कोळीगीतं शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली आहेत, पुण्याकडच्या, मराठीच्या प्राध्यापक बाईंनी, आणि चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. हे कोळीवाड्यातल्या नाचणाऱ्या मुलांना माहीत नाही. दुसरीकडे आपल्या आगरी लग्नातले धवले. धवलारीण मांडवात बसून म्हणते, ते कोणी लिहिले? कोणीच नाही आणि सगळ्यांनी. ते समाजाचं सामायिक धन, आपल्या गुरचरणीसारखं. त्यावर एकट्याचं नाव लावणं बरं नाही, मग तो कितीही मोठा गायक असो.

या दोन्हींच्या मधला एक माणूस मला भेटला होता. रायगड जिल्ह्यातल्याच एका शाखेत मी कर्जाचं टेबल सांभाळत होतो. कॅसेटचा जमाना होता. एक गृहस्थ हार्मोनियम आणि लाउडस्पीकरसाठी कर्ज मागायला आले. उत्पन्नाचा दाखला विचारला तर त्यांनी पिशवीतून हळदीच्या गाण्यांची एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, यातली नऊ गाणी माझी हायेत. आख्ख्या तालुक्यात वाजतात." मी कव्हर उलटून पाहिलं. गायकाचा फोटो होता, कंपनीचं नाव होतं, वाजवणाऱ्यांचीही नावं होती. यांचं नाव कुठे नव्हतं. गाणी एका रकमेत दिली होती, कागद काही नव्हता. कर्ज आम्ही दिलं, दोन जामीनदार घेऊन दिलं, आणि त्यांनी हप्ते वेळेवर फेडले. पण मनात राहून गेलं ते असं, की या माणसाने बँकेला व्याज भरलं, आणि त्याच्या स्वतःच्या ठेवीवर मात्र त्याला कधी दमडी व्याज मिळालं नाही. नऊ गाणी तालुकाभर वाजत होती आणि तारण म्हणून त्यांची किंमत शून्य होती.

आज काळ बदलला आहे. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतू झाला आणि उरणला लोकल आली. त्या लोकलमध्ये आपली पोरं कानात बोंडं घालून बसतात. त्यातली काही स्वतः गाणी लिहितात, मोबाईलवर रेकॉर्ड करतात, यूट्यूबवर टाकतात. आपल्याच इमारतीत दोघं-तिघं आहेत, नावं घेत नाही, लाजतील. उद्या त्यांचं एखादं गाणं उचललं गेलं तर कोणीतरी कागद घेऊन येईल आणि म्हणेल, सही कर. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, हक्क देण्याचा करार तोंडी चालत नाही. तो लेखी आणि सहीचा हवा. कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे त्यात स्पष्ट हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुसरी, मालकी विकली तरी 'हे मी लिहिलं' हे सांगण्याचा लेखकाचा हक्क वेगळा असतो आणि तो विक्रीबरोबर जात नाही. तिसरी, आयपीआरएसचं सभासद होता येतं. २०१७ मध्ये तिची नव्याने कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी झाली आहे. चौथी, वही जपा, तारीख घाला. आणि हो, वारसांना सांगून ठेवा. शब्दांवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे हिशेब २०३७ च्या अखेरपर्यंत येतो. फ्लॅटला नॉमिनी लावता, मग गाण्याने काय घोडं मारलंय?

कमिटीच्या मंडळींना हे सगळं पटकन कळेल, कारण कन्व्हेयन्स हा शब्द उच्चारला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. घर आपण घेतलं, हप्ते आपण फेडले, राहतोही आपण. पण जमीन संस्थेच्या नावावर होत नाही तोवर रात्री झोप पूर्ण लागत नाही. 'मानीव अभिहस्तांतरण' हा जड शब्द आपल्या आज्यांनाही पाठ झालाय. गीतकार तसाच असतो. घर त्याने बांधलेलं, आणि जागा दुसऱ्याच्या नावावर.

काही सभासदांना शंका येईल, की मग आपल्या हॉलमध्ये गाणी लावली तर आपणही गुन्हेगार का? नाही. रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त हॉलमध्ये, रहिवाशांच्याच सोयीसाठी ध्वनिमुद्रित गाणी लावायला कायद्याने मोकळीक दिली आहे. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाचे सोहळे यांनाही सूट आहे. मात्र तिकीट लावून मैदानावर ऑर्केस्ट्रा केला तर परवाना काढावा लागतो, आणि तो काढलाच पाहिजे. सांस्कृतिक समितीने बजेटमध्ये मंडप, जेवण आणि लाइट याखाली ही एक ओळ घालून ठेवावी. त्यातून कुठल्यातरी गीतकाराच्या घरी दोन पैसे पोचतात.

आणि ज्याला एक पैसाही लागत नाही अशी एक गोष्ट. रौप्यमहोत्सवाच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची पत्रिका आता छापायला जाणार आहे. तिच्यात नाच बसवणाऱ्या ताईंचं नाव आहे, कपडे देणाऱ्याचं आहे, साउंडवाल्याचं तर जाहिरातीसकट आहे. माझी विनंती अशी, की प्रत्येक गाण्यापुढे ते लिहिणाऱ्याचंही नाव छापा, आणि सूत्रसंचालन करणाऱ्याने ते स्पष्ट वाचा. शोधायला मदत लागली तर मी तिसऱ्या मजल्यावर असतो, दुपारची झोप सोडून केव्हाही बेल वाजवा. जिथे लिहिणारा सापडणार नाही, जसं धवल्यांचं, तिथे 'पारंपरिक' लिहा आणि ते म्हणणाऱ्या आजीचं नाव लिहा.

पंचवीस वर्षांत आपण या संस्थेत मेंटेनन्सच्या एकेका रुपयाचा हिशेब मागितला आहे, वार्षिक सभेत आवाज चढवून मागितला आहे. तेवढीच काटेकोर नजर आपल्याला आनंद देणाऱ्या माणसाच्या नावाकडे वळवू या. माझी वेळ संपली, घंटा वाजायच्या आत थांबतो.